नाव-गाव सांगितलंच पाहिजे : कोल्हापुरातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना आणि निवेदकांना खुलं पत्र

कोल्हापुरातले सगळे ऑर्केस्ट्राचालक, लावणीच्या कार्यक्रमांचे आयोजक, तरुण मंडळांचे अध्यक्ष आणि माइक हातात धरणारे निवेदक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत आमच्या भागातल्या एका मंडळाच्या कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत बसलो होतो. वय झालेला माणूस म्हणून पोरांनी आपुलकीनं खुर्ची दिली, चहा आणून दिला. साडेनऊच्या सुमाराला निवेदकानं जाहीर केलं, "आता सादर होतेय आपल्या मातीतली पारंपरिक लावणी, अस्सल लोकगीत, लवंगी मिरची!" शिट्ट्या झाल्या, ट्रॅक सुरू झाला. नाचणारी मुलगी चपळ होती, गाणारीचा गळाही गोड होता. पण माझं लक्ष पुढं लागेना. 'पारंपरिक' आणि 'लोकगीत' हे दोन शब्द कानात खड्यासारखे रुतून बसले.

मंडळी, ते गाणं १९६२ सालचं आहे. 'रंगल्या रात्री अशा' या चित्रपटातलं. लिहिलं आपल्या कोल्हापूरच्या जगदीश खेबूडकरांनी, चाल वसंत पवारांची आणि गायलं सुलोचना चव्हाण यांनी. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. जे गाणं नवंकोरं असताना मी ऐकलंय, ते माझ्या हयातीतच बिननावाचं झालं, ही गोष्ट मला त्या रात्री झोपू देईना.

कार्यक्रम संपल्यावर मी रंगमंचामागं गेलो. निवेदक विशी-बाविशीचा, नम्र पोरगा. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, मोबाईलवर तसंच लिहिलंय वो. ट्रॅकवर पण नाव नाही. आम्ही कुठनं शोधायचं?" त्यानं मला लॅपटॉप दाखवला. पेन ड्राइव्हमध्ये त्या गाण्याचं नाव होतं 'लावणी ०७'. मी त्याला बोललो नाही. त्याचा प्रश्न रास्त आहे. त्यालाच उत्तर द्यायला हे पत्र लिहायला बसलोय.

आमच्या वडिलांचा मंगळवार पेठेत लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, बारसं, जत्रा, निवडणूक, कुठलीही ऑर्डर आली की एक अँप्लिफायर, दोन कर्णे, मोटारीची बॅटरी आणि रेकॉर्डची पत्र्याची पेटी घेऊन ते बैलगाडीनं, एसटीनं, मिळेल त्या वाहनानं गावोगाव जायचे. सुट्टीत मी बरोबर असायचो. माझं काम ग्रामोफोनच्या पिनांचं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या लाखेच्या रेकॉर्डी, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं. पिन बोथट झाली की रेकॉर्ड खरवडते, म्हणून मी डबीतून नवी पिन काढून वडिलांच्या हातावर ठेवायची आणि वापरलेली दुसऱ्या डबीत टाकायची. रेकॉर्ड हातातून निसटली तर कौलासारखी फुटायची, म्हणून ती दोन्ही तळहातांनी कडेला धरायची, हे मला वडिलांनी पाढ्यांच्या आधी शिकवलं असावं.

त्या रेकॉर्डच्या मधोमध गोल कागद असायचा. त्यावर पिक्चरचं नाव, गाणारीचं नाव, संगीतकाराचं नाव. रेकॉर्ड लावायची म्हणजे ते वाचल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, कारण पेटीतल्या सगळ्या तबकड्या दिसायला सारख्याच काळ्या. आम्ही कोणी विद्वान नव्हतो. नाव वाचूनच गाणं सापडायचं, म्हणून नावं पाठ झाली. पुढं कॅसेट आली, तिच्या वेष्टनावरही नावं असत. नावं गेली ती पेन ड्राइव्ह आल्यावर. त्यामुळं हा दोष आजच्या पोरांच्या माथी मी मारत नाही. पण दोष नसला तरी काम त्यांनाच करायचंय.

वडील माइकवर नाव पुकारूनच पिन ठेवायचे. जत्रेत कुणी गडी येऊन "मिरचीचं लावा की वो" म्हणाला की ते म्हणायचे, "सुलोचनाबाईंचं लावा म्हण, मग लावतो." तो तसं म्हणायचा, आणि मगच लागायचं. अशी किती गावांतली किती माणसं त्यांनी तेवढ्या एका अटीवर सुलोचना चव्हाण हे नाव बोलायला लावली असतील!

आणि गाणं लागलं की काय व्हायचं ते मी स्वतः पाहिलंय. कर्णा वडाच्या फांदीला बांधलेला. ढोलकी सुरू झाली की माणसं हातातलं काम ठेवायची. मग तो आवाज यायचा. जाड नाही, बारीक नाही. धारदार, पण रक्त न काढणारा. 'मला हो म्हणतात लवंगी मिरची' यातला तो 'हो' तुम्ही कधी नीट ऐकलाय का? सगळा नखरा त्या एका अक्षरात आहे. आज गाणाऱ्या मुली तो 'हो' लांबवतात, कापरा करतात, वर एक हसू टाकतात. बाईंनी तसलं काही केलेलं नाही. त्यांनी तो नुसता टाकलाय, जशी एखादी बाई बोलता बोलता पान पुढं करते तसा. घ्यायचं तर घ्या. आणि 'मिरची'वर येताना शब्द असा कडक उमटतो की ठसका ऐकणाऱ्याला लागावा.

ही बाई कोल्हापूरची नव्हती, हे किती जणांना ठाऊक आहे? माहेरच्या त्या कदम. जन्म १३ मार्च १९३३चा, मुंबईत गिरगावातल्या फणसवाडीतला. गाण्याचं रीतसर शिक्षण नाही. रेकॉर्डी ऐकून ऐकून गळा तयार केला, मेळ्यात कामं केली आणि कोवळ्या वयात सुलोचना कदम या नावानं हिंदी चित्रपटांत गायल्या. १९५१च्या 'ढोलक'मध्ये श्यामसुंदरांच्या संगीतात त्यांनी गायलेलं 'चोरी चोरी आग सी दिल में लगाकर चल दिये' मिळवून ऐका. विश्वास बसणार नाही इतका मऊ, लाजरा आवाज. लवंगी मिरचीच्या मागं हा गोडवा उभा आहे, म्हणून तो तिखटपणा कधी कर्कश होत नाही. माझं हे मत आहे आणि साठ वर्षं ऐकून झालेलं आहे.

लग्न झालं ते दिग्दर्शक श्यामराव चव्हाणांशी. लावणीत शब्द कसा टाकायचा, कुठं दाबायचा, कुठं अलगद सोडून द्यायचा, हे आपल्याला पतीनं शिकवलं, असं त्या सांगत आल्या. लावणीसम्राज्ञी हा किताब त्यांना आचार्य अत्र्यांनी दिला. एवढी ही गिरगावची लेक याच लवंगी मिरचीत 'मी आहे कोल्हापूरची' असं म्हणते आणि सगळा महाराष्ट्र विनातक्रार मान्य करतो! आपल्या गावाची ओळख तिनं तिच्या गळ्यातून घरोघर पोचवली. बाहेरगावी आपण कोल्हापूरचे म्हटलं की लोक अजून तीच ओळ गुणगुणून दाखवतात. पर्यटनाच्या जाहिराती पुष्कळ नंतर आल्या.

मला आईबद्दल सांगायचंय, कारण तिच्याशिवाय हे पत्र अर्धंच राहील. आमच्या घरी तमाशाचं नाव काढलेलं चालायचं नाही. आजोबा माळकरी. आईनं जन्मात कधी फड पाहिला नाही, पाहायची सोयच नव्हती. पण वडील रात्री रेकॉर्डी तपासायला बसायचे आणि आई चुलीपुढं भाकरी थापत असायची. एकदा मी पाहिलं, 'पदरावरती जरतारीचा' चालू होतं आणि परातीत तिचा हात ढोलकीच्या ठेक्यावर पडत होता. थाप, थाप, थाप-थाप. भाकरी गोल होत होती आणि आईच्या ओठांवर ते शब्द होते. आजोबांच्या खडावा वाजल्या तसे ओठ मिटले, हात मात्र त्याच ठेक्यात राहिला. माझ्या आईसारख्या हजारो बायांपर्यंत लावणी पहिल्यांदा पोचली ती या आवाजातून. तिथं बघायला काहीच नव्हतं. घुंगरू नव्हते, नजर नव्हती, दौलतजादा नव्हती. नुसता गळा होता, आणि तोही एका घरंदाज बाईचा, जी स्टेजवर अंगभर पदर लपेटून उभी राहायची आणि जागची हलायची नाही.

ही शेवटची गोष्ट मी तुमच्यातल्या गाणाऱ्यांना मुद्दाम सांगतोय. हातवारे नाहीत, डोळे मोडणं नाही. सगळा शृंगार उच्चारात. 'सवाल माझा ऐका' आला १९६४ला. त्यातलं 'कसं काय पाटील बरं हाय का' घ्या. बाई गातायत की दारात उभं राहून खरोखरच चौकशी करतायत, हे समजत नाही. 'हाय का'वर सूर जिथं वर जातो तिथं भुवई वर गेलेली मला रेकॉर्डमधून दिसते. पुढच्याच वर्षी 'मल्हारी मार्तंड' आला. गदिमांची लेखणी, वसंत पवारांची चाल, 'फड सांभाळ तुऱ्याला गं आला'. वसंत पवार फार लवकर गेले, नाहीतर या जोडीनं आणखी काय काय करून ठेवलं असतं!

आणि ज्यांना वाटतं की बाईंना फक्त फडावरची उडती लावणी येत होती, त्यांनी 'कळीदार कपूरी पान' ऐकावं. राजा बढ्यांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल. याच दोघांनी 'जय जय महाराष्ट्र माझा' केलं, जे आज आपलं राज्यगीत आहे. ते गाणं छाती फुगवतं आणि हे पान सावकाश, रेंगाळत, एकेक वस्तू हातात घेऊन लावलं जातं. बैठकीच्या लावणीची अदब काय असते हे शिकायला मला दुसरा पाठ माहीत नाही.

आता तुमच्या कार्यक्रमांकडं येतो. नाव न घेणं ही एक चूक झाली. चुकीचं नाव घेणं ही दुसरी, आणि तीही मी वरचेवर ऐकतो. 'बुगडी माझी सांडली गं' आशाबाईंचं आहे, 'सांगत्ये ऐका' या १९५९च्या चित्रपटातलं. 'पिंजरा'तल्या लावण्या उषा मंगेशकरांच्या, संगीत राम कदमांचं. लावणी म्हटली की सरसकट एकाच बाईचं नाव ठोकून द्यायचं, यानं सुलोचनाबाईंचा मान वाढत नाही आणि दुसऱ्या दोघींचा जातो. आणखी एक घोळ तर खास आपल्या कोल्हापुरातला. एका व्यासपीठावर सुलोचना चव्हाण म्हणून मोठ्या पडद्यावर फोटो दाखवला तो आपल्या सुलोचनादीदींचा, म्हणजे सुलोचना लाटकरांचा! दीदी अभिनेत्री, भालजी पेंढारकरांच्या तालमीत तयार झालेल्या, कोल्हापूरनं माहेरवाशिणीसारखी माया केलेल्या. दोघींविषयी माझ्या मनात सारखाच आदर आहे. म्हणूनच एकीच्या जागी दुसरी उभी केलेली पाहवली नाही. समोर बसलेल्या शे-दोनशे तरुण पोरांनी ते तसंच डोक्यात ठेवलं असणार.

बाईंना मोठे मान मिळाले, नाही असं नाही. राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार, संगीत नाटक अकादमीचा सन्मान, आणि २०२२ला पद्मश्री. तेव्हा त्या नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या. त्या संध्याकाळी मी पेटी उघडून एक रेकॉर्ड लावली आणि सवयीनं नाव पुकारलं. घरात मी एकटाच होतो.

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं तेव्हा आपण सगळे रडलो. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती, हे सांगताना माणसांना हुंदके येत होते. एका वास्तूला हे गाव इतकं जीव लावतं. केशवरावांना जाऊन शंभर वर्षं उलटली तरी त्यांचं नाव आपल्या तोंडात आहे, कारण ते दारावर लिहिलेलं आहे आणि आपण ते रोज घेतो. गाण्याला दार नसतं. त्याचं नाव निवेदकाच्या जिभेवरच राहतं.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. गाणं सुरू व्हायच्या आधी तीन नावं घ्या. गाणारी, लिहिणारा, चाल लावणारा. चित्रपट आणि साल सांगितलंत तर सोन्याहून पिवळं. दहा सेकंद लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. सुपारी घेताना मंडळाशी गाण्यांची यादी ठरवता ना, त्याच कागदावर गाण्यासमोर नावं लिहून ठेवा आणि पेन ड्राइव्हमधल्या फायलीलाही ती द्या, म्हणजे ऐन वेळी शोधावी लागणार नाहीत. खेबूडकर तर आपले शिक्षक होते हो, इथल्या शाळांत शिकवणारे मास्तर, आणि ३ मे २०११ला इथंच गेले. त्यांच्याच गावात त्यांच्या लावणीला 'लोकगीत' म्हणायचं, हे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या नातवंडांना शोभत नाही.

आणि जमेल तेव्हा ढोलकी खरी ठेवा. परवडत नाही हे मला समजतं, दोन साथीदार वाढले की हिशेब कोलमडतो. पण वर्षातून एखादा कार्यक्रम तरी ट्रॅकशिवाय करा. सुलोचनाबाईंचे चिरंजीव विजय चव्हाण ढोलकीत केवढे नावाजलेले आहेत, हे तुमच्या वादकांना सांगायला नको. त्या घरात गळा आणि ढोलकी एकत्र नांदली. ट्रॅक ठरल्या वेळी पुढं सरकतो, गाणारीनं 'हो' म्हणायला अर्धा क्षण जास्त घेतला तर तिच्यासाठी थांबत नाही. ढोलकीवाला थांबतो. लावणीतला सगळा जीव त्या थांबण्यात आहे.

त्या गणपतीच्या रात्री जी मुलगी गायली होती, ती चार दिवसांनी पत्ता शोधत माझ्याकडं आली. निवेदक पोरानं सांगितलं होतं म्हणे. तिनं हे गाणं कुठल्याशा रिमिक्सवरून बसवलं होतं, मूळ रेकॉर्ड कधी ऐकलीच नव्हती. मी लावली. पहिल्यांदा संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, परत." दुसऱ्यांदा झालं, म्हणाली, "तेवढा 'हो' परत ऐकवा." पिन उचलून मागं ठेवली. मग पुन्हा. पोरगी जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून बसलेली, आणि दर वेळी त्या जागी तिची मान किंचित हलायची, पण तोंडानं एक सूर काढला नाही. नऊ वेळा ऐकलं. जाताना तिनं वहीत तिन्ही नावं लिहून घेतली.

दिवाळीनंतर तिचा कार्यक्रम होता, मला बोलावलं. गाण्याआधी निवेदकाच्या हातातून तिनं स्वतः माइक घेतला. "गीत जगदीश खेबूडकर, संगीत वसंत देसाई," म्हणाली, थबकली, जीभ चावली, "चुकलं, वसंत पवार," असं म्हणून माझ्याकडं बघितलं. "आणि गायिका सुलोचना चव्हाण." मागच्या रांगांमधून म्हाताऱ्या बायकांच्या टाळ्या आल्या, गाणं सुरू व्हायच्या आधीच.

तुमच्यापैकी ज्यांना मूळ आवाज ऐकायचाय त्यांनी घरी या. मंगळवार पेठेत जुने स्पीकरवाले कुठं राहतात विचारलंत तर कोणीही दाखवेल. येताना ढोलकीवाल्यालाही आणा. रेकॉर्डला दुसऱ्या कडव्यापाशी एक चरा पडलाय, तिथं टक् असा आवाज येतो, तेवढं सांभाळून घ्या. पिना अजून अर्धी डबी शिल्लक आहेत.

आपला,
एक जुना स्पीकरवाला
मंगळवार पेठ, कोल्हापूर